टिन सॅटर्डेचं दुसरं गाणं

निशिकांत भाऊजींनी आयुष्यात कुणावर चटकन विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, नंदाताईचे यजमान. लग्न ठरताना आमच्याकडून पत्रिका गेली, तर या गृहस्थांनी ताईच्या जन्मवेळेवर दोन प्रश्न काढले. पत्रिकेवर श्रद्धा होती म्हणून नव्हे. पत्रिकेतली वेळ आणि आईने बोलताना सांगितलेली वेळ यांत वीस मिनिटांचा फरक पडत होता म्हणून. आई तेव्हाच म्हणाली होती, "मुलगा चांगला आहे, पण आपण मुलगी दाखवतोय की जबाब देतोय तेच कळत नाही."

सिंगापूरच्या बँकेत त्यांचं कामही तसलंच. खातं उघडायला आलेला माणूस स्वतःला जो म्हणवतो तोच आहे का, हे कागद पाहून ठरवायचं. सही, फोटो, पत्ता, तारीख. पंचवीसेक वर्षं लोकांच्या कागदांत खोट शोधून शोधून त्यांच्या दोन भुवयांमध्ये एक उभी आठी कायमची बसली आहे. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या सरकारी खाऊगल्लीत, कॉफीवाल्या काकांनी ओळखीचं हसून कप पुढे केला तरी भाऊजी आधी कपात बघणार, मग काकांकडे.

मी त्यांना नावं ठेवते, पण माझी जातकुळी वेगळी नाही. मी प्रणिता, इथल्याच एका शाळेच्या परीक्षा विभागात आहे आणि कॉपी पकडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. उत्तर चुकलं की पोरगं खरं बोलतंय असं मी धरते. फार अचूक आलं की पेपर बाजूला काढते. त्यामुळे आमचं दोघांचं छान जमतं. ते माझ्यावर संशय घेतात, मी त्यांच्यावर.

अशा माणसाची एकच जागा हळवी होती: नव्वदच्या दशकात रेडिओवर लागणारं ऑल्टरनेटिव्ह रॉक. त्यातही सगळं नाही. ज्या बँडचं एकच गाणं गाजलं आणि नंतर ज्यांचं नाव कुणी काढलं नाही, तेवढेच बँड.

शहाण्णव साली सांगलीहून ते इथे आले तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. टोआ पायोला एका चिनी आंटीच्या घरात एक खोली, खोलीत तिघं, आणि स्वयंपाकाला सक्त मनाई. संध्याकाळी ऑफिसातून आलं की करमणूक म्हणजे एक रेडिओ-कॅसेट प्लेअर. निवेदक गाण्याचं नाव सांगायला लागला की बोट रेकॉर्डच्या बटणावर, आणि गाणं संपून त्याने तोंड उघडायच्या आत बटण बंद. अशा एक्केचाळीस कॅसेटा त्यांनी जपल्यात. इथल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, म्हणून लोक ज्या कोरड्या कपाटात कॅमेऱ्याच्या लेन्स ठेवतात तसलं कपाट त्यांनी कॅसेटांसाठी आणलं. प्रत्येकीवर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात बँड, गाणं, तारीख, वेळ आणि निवेदकाचं नाव. ताईच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर रविवारी जेवायला गेलं की आमटीभातानंतर दोन तरी गाणी ऐकावीच लागतात. झाकीर नको म्हणा, किशोरी नको म्हणा, पण यांना नाही म्हणायची सोय नाही.

"एकच गाणं का, माहितीये?" ते दर वेळी विचारायचे. "ज्याला एक गोष्ट सांगायची होती तो ती सांगून घरी गेला. दुसऱ्या गाण्यापासून माणूस खोटं बोलायला लागतो."

मला हे फारसं पटत नसे, पण ते बोलताना भुवयांमधली आठी जायची. ती गेलेली बघायला मला आवडायचं, म्हणून मी मान डोलवायची.

सगळं बिनसलं मार्चमध्ये. बुकित तिमाहच्या एका कॉन्डो सोसायटीत मराठी मंडळींनी शनिवारी दुपारी नव्वदच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा आणि एक गाणं लावायचं. भाऊजींनी त्यांच्या लाडक्या 'टिन सॅटर्डे' या बँडचं 'राँग अंब्रेला' लावलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावातली चार पोरं, त्यांचं हे एकुलतं एक गाजलेलं गाणं. दोघातिघांना ते आठवलंही. टाळ्या झाल्या आणि भाऊजी चेवात येऊन म्हणाले, "पण यांचं दुसरं गाणं याहून सरस होतं. फक्त रेडिओवर एकदाच लागलं. मी ऐकलंय."

मी चमकलेच. सव्वीस वर्षं हा माणूस दुसऱ्या गाण्याला खोटं ठरवतोय, आणि आज याचंच दुसरं गाणं?

कुणीतरी लगेच फोन काढला. दुसऱ्याने काढला. बँडची सगळी माहिती सापडली: अकरा गाण्यांची एकच सीडी, मग बँड फुटला. ते दुसरं गाणं कुठेच नव्हतं. "निशिकांतराव, वय झालं तुमचं," एक जण हसत म्हणाला आणि खोलीभर हशा पिकला. भाऊजी लाल झाले. "इंटरनेटवर नाही म्हणजे झालंच नाही?" ते ओरडले, आणि भर कार्यक्रमात त्या गाण्याच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. ताईने कुणाकडेही न बघता तिचा साबुदाणावड्यांचा डबा आवरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ताई रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज ठिकाणावर नव्हता.

"प्रणू, हे नुसतं गाण्याचं नाहीये गं," ती म्हणाली.

मग तिने एकेक बाहेर काढलं. जानेवारीपासून भाऊजी दोनदा भलत्याच स्टेशनवर उतरले होते. घराची किल्ली फ्रिजमध्ये सापडली होती. अश्लेषाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या, विद्यापीठाचं नाव त्यांना एकदा पाच मिनिटं आठवत नव्हतं. आणि भाऊजींच्या वडिलांचं आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. सांगलीचे शिस्तीचे मास्तर, पण बासष्टाव्या वर्षी विसरायला सुरुवात झाली आणि शेवटची दोन वर्षं ते स्वतःच्या मुलाला मीटर बघायला आलेला माणूस समजायचे. भाऊजी सुट्टीत गेले की वडील त्यांना दारातच थांबवून ओळखपत्र मागायचे. ओळखपत्र दाखवून दाखवून भाऊजी घरात शिरायचे.

ताईने मेमरी क्लिनिकची एका मंगळवारची वेळ घेतली होती. भाऊजींनी साफ नकार दिला होता. मग दोघांत सौदा झाला. "गाणं खरं निघालं तर डॉक्टरचं नाव काढायचं नाही," भाऊजी म्हणाले होते. "खोटं निघालं तर मी मुकाट्याने येतो." आणि ताईने ते मान्य केलं होतं.

"अश्लेषाने शोधलं?" मी विचारलं.

फोन अश्लेषाने ओढून घेतला आणि तिच्या इथल्या इंग्रजीत सुरू झाली. "मावशी, आय चेक्ड एव्हरीव्हेअर ऑलरेडी. दुसरं साँग नाहीच आहे, लाह. बट बाबा सो शुअर, यू नो? आय गेट स्केअर्ड."

आता माझं मन काय म्हणालं ते सांगते, कारण त्याची मला आज लाज वाटते. माझ्या मनात आजाराचा विचार आलाच नाही. मला वाटलं, हा माणूस डॉक्टर टाळायला गाणं रचतोय. परीक्षेत अडकलेली पोरं अशीच करतात. जे पुस्तक कुणी पाहिलं नाही त्यातला उतारा देतात, आणि तोही छातीठोकपणे.

पुढच्या रविवारी मी टॅम्पिनीसला गेले ते पकडायच्याच तयारीने. भाऊजींना म्हटलं, "मला त्या गाण्याचे सगळे शब्द लिहून द्या."

"कशाला?" आठी आली.

"शोधायला. दोन ओळींवर काय शोधणार?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कागद घेतला आणि न अडखळता चार कडवी इंग्रजीत लिहून दिली. एका शब्दाचीही खाडाखोड नाही. किल्ली फ्रिजमध्ये ठेवणारा माणूस अठ्ठावीस वर्षांपूर्वी एकदाच ऐकलेलं गाणं असं लिहितो? मी कागद बाजूला काढला. मनातल्या मनात, अर्थात.

बसमध्ये तो नीट वाचला आणि तिसऱ्या कडव्यावर मी थांबले. तेराव्या मजल्यावरच्या खिडकीतून बांबू बाहेर आलाय, बांबूवर तुझा शर्ट, समोरच्या इमारतीत माझा, आणि वारा आला की दोघं एकमेकांना हात करतात, असं काहीतरी होतं. मी बसच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर सरकारी इमारतींच्या रांगा, आणि प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर खोचलेल्या बांबूंवर वाळणारे कपडे. अमेरिकेतल्या गावातल्या पोरांना तेराव्या मजल्यावरच्या बांबूचं काय ठाऊक? तिथे माणसं मागच्या अंगणात दोरी बांधतात नाहीतर यंत्रात कपडे वाळवतात.

सापडलात, भाऊजी. मला अगदी गुदगुल्या झाल्या. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे पत्ते तपासले त्याला स्वतःच्या गाण्याचा पत्ता लपवता आला नव्हता.

मी ताईला मात्र सांगितलं नाही. नुसत्या बांबूवर भाऊजी कबूल झाले नसते. "ते सिंगापूरला येऊन गेले असतील" म्हणून मोकळे झाले असते. मला पक्का पुरावा हवा होता. मी भाऊजींना फोन करून विचारलं, "या गाण्याची कॅसेट तुमच्याकडे कशी नाही? बाकी सगळ्या तर आहेत."

"अभयने चोरली," ते तत्काळ म्हणाले. "खोली सोडताना आम्ही कॅसेटा वाटून घेतल्या. ती माझी होती. त्याने ढापली."

अभय हा त्या टोआ पायोच्या खोलीतला जोडीदार, नाशिकचा. तो आता चोआ चू कांगला राहतो, असं भाऊजींना माहीत होतं. टॅम्पिनीसपासून ट्रेनने तास-सव्वा तास. वीस वर्षांत एका कॅसेटपायी ते तेवढं अंतर गेले नव्हते.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून अभयचा नंबर मिळवायला मला दहा मिनिटं लागली. मी नाव सांगितलं, टिन सॅटर्डेची कॅसेट म्हटलं, आणि पलीकडून माणूस खो खो हसायलाच लागला. "आहे, आहे! घेऊन या त्याला. फोनवर काही सांगत नाही, मजा जाईल."

ते हसणं मला खटकलं. दोघांनी मिळून काहीतरी रचलंय, असंही मला वाटून गेलं.

शनिवारी सकाळी ताई, भाऊजी आणि मी निघालो. मी एकटी जाऊन येते म्हटलं, तर भाऊजी म्हणाले, "नाही. तू ऐकून येशील आणि मला दुसरंच सांगशील." ट्रेनमध्ये ते ताठ बसले होते, इस्त्रीच्या शर्टात. ताई सगळी स्टेशनं मोजत होती. तिला गाणं खरं निघायला हवं होतं की खोटं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. खरं निघालं तर नवरा शाबूत, पण किल्लीचं कोडं तसंच. खोटं निघालं तर डॉक्टर, आणि पुढे सांगलीचं दार.

अभयने दार उघडलं. टक्कल, अर्धी चड्डी, तोंडभर हसू. "निश्या!" म्हणून त्याने भाऊजींना मिठीच मारली. भाऊजी मिठीत काठीसारखे उभे होते. "माझी कॅसेट," ते म्हणाले.

"बस तरी आधी. वहिनी, चहा?"

"कॅसेट," भाऊजी म्हणाले.

अभयने जुना प्लेअर आधीच काढून ठेवला होता. कॅसेट भाऊजींच्याच अक्षरातली. तारीख, वेळ, निवेदकाचं नाव, सगळं जागच्या जागी. भाऊजींनी ती माझ्यासमोर धरली. "वाच. मोठ्याने वाच." मी वाचली. म्हणजे गाणं होतं. मी या माणसाला खोटारडा ठरवून बसले होते.

अभयने बटण दाबलं. 'राँग अंब्रेला'चा शेवट आला, खटकन आवाज झाला, आणि दुसरं गाणं सुरू झालं.

नुसती एक गिटार, आणि ओढून ताणून अमेरिकन केलेला एक कोवळा आवाज. पहिली ओळ संपायच्या आत ताईचा हात माझ्या मनगटावर आला. घट्ट. रोज सकाळी अंघोळ करताना गुणगुणणारा आवाज बायको ओळखणार नाही तर कोण? मलाही ओळखू आला. त्या टेपवर भाऊजी गात होते.

भाऊजी मात्र मान डोलवत होते. डोळे मिटलेले, भुवयांमधली आठी पार गेलेली. दोन कडवी झाली आणि त्यांनी स्वतःच उठून बटण बंद केलं. "बस्स. ऐकलंत? मी काय म्हणत होतो? नंदा, क्लिनिकला फोन कर आणि रद्द करून टाक."

अभय पोट धरून हसत होता. "काय अ‍ॅक्टिंग करतोस रे अजून! ए, आता पुरे. तो आपल्या खोलीतला तिसरा पार्टनर, तो तेलुगू, कधीच हैदराबादला गेला. आता कुणाला फसवतोयस?"

"कुणाला फसवतोय म्हणजे?"

"अरे, त्याला गंडवायलाच केलं नव्हतं का आपण हे? टिन सॅटर्डेचं नवीन गाणं म्हणून? तू लिहिलंस, तू गायलास, वरचं लेबलसुद्धा तूच बनवलंस. तीन महिने त्याला पटवत होतास, मी रेडिओवर ऐकलं, मी रेडिओवर ऐकलं. आणि ढापली काय म्हणतोस? लग्न ठरल्यावर तूच माझ्या हातात दिलीस. म्हणालास, फेकून दे, बँकेतल्या माणसाला शोभत नाही. मला फेकवली नाही."

तो अजून हसतच होता. मग त्याने ताईकडे पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू थांबलं. "वहिनी... काय झालं?"

"खोटं बोलतोय हा," भाऊजी म्हणाले. "पुन्हा लाव. पहिल्यापासून. आणि मध्ये कुणी हात लावायचा नाही."

आम्ही पुन्हा ऐकलं. या वेळी भाऊजींनी डोळे मिटले नाहीत. प्लेअरच्या जाळीकडे ते असे बघत होते, जणू त्यांच्या टेबलासमोर कुणी कागद घेऊन बसलं होतं. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्यात बांबू आला, शर्ट आले, आणि गाणाऱ्याला मध्येच हसू फुटत होतं ते त्याने कसंबसं दाबलं. चौथं कडवं संपलं. गिटार थांबली. टेप फिरतच राहिली, आणि मग तोच कोवळा आवाज, आता अमेरिकन नाही, अस्सल सांगलीचा, म्हणाला, "अभ्या, आलं का रं नीट?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, भाऊजी, स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज कुणालाच ओळखू येत नाही, मलासुद्धा येत नाही, माणसं आपलीच थाप शंभरदा सांगून खरी मानायला लागतात, त्यात काही विशेष नाही. हे सगळं खरंही होतं. पण मी त्यांना खोटारडं ठरवायला आले होते, आणि ते खोटं बोलत असते तर किती बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

भाऊजींनी कॅसेट बाहेर काढली. चष्मा कपाळावर सरकवून लेबल डोळ्यांजवळ नेलं. "अक्षर माझं आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "वेळ खोटी आहे. त्या वेळेला तर बातम्या असायच्या." आणखी थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नाही, "हे माझ्या टेबलावर आलं असतं तर मी परत पाठवलं असतं."

"निश्या, मला खरंच माहीत नव्हतं रे," अभय म्हणाला.

"गाणं चांगलं होतं का?" भाऊजींनी विचारलं.

"तेव्हाही चांगलं होतं," अभय म्हणाला. "म्हणून तर ठेवलं."

चहा झाला. अभय खालपर्यंत सोडायला आला. या वेळी भाऊजींनीच त्याला मिठी मारली, आणि कॅसेट त्याच्याकडेच राहू दिली. "तुझ्याकडे नीट राहील," एवढंच म्हणाले.

ट्रेनमध्ये ते ताईच्या शेजारी बसले. सौद्याचा शब्द धरला तर गाणं होतंच. ताईला डॉक्टरचं नाव काढता येत नव्हतं, आणि तिने काढलंही नाही. खिडकीबाहेर इमारती मागे जात होत्या. भाऊजींनी तिचा हात स्वतःच्या हातात घेतला. माझ्यासमोर त्यांनी हे कधी केलं नव्हतं.

"नंदा, मंगळवारी किती वाजता आहे?"

"नऊ वाजता."

"रजा टाकतो," ते म्हणाले.

दोन स्टेशनं गेली. भाऊजी तिच्याकडे वळले. "नंदा, मंगळवारी किती वाजता आहे?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हा माणूस प्रत्येक उत्तर दोनदा तपासून घेतो, हे मला सव्वीस वर्षं ठाऊक आहे. ते तपासत होते की विसरले होते, ते मला काही केल्या ओळखता येईना. ताईने मात्र त्यांच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने हात तसाच धरून ठेवला आणि मघाच्याच आवाजात म्हणाली, "नऊ वाजता."